अपरात्र कुणाची?

(जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात पहिल्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्यातील भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळी आपण एक खेळ खेळलो. प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली आणि सांगितलं, 'रात्र' म्हटल्यावर जो पहिला शब्द मनात येईल तो लिहा. लिहिता येत नसेल तर शेजारणीला सांगा. दुपारी जेवणानंतर मी त्या चिठ्ठ्या वाचत बसले होते. 'भीती' सर्वांत जास्त वेळा आली, ते अपेक्षितच होतं. त्याखालोखाल 'दारू'. मग 'नवरा', 'लाइट', 'टँकर', 'पोरगं रडतं'. 'विंचू' दोघींनी लिहिलाय. एकीनं 'नाईट' लिहिलंय, ती बहुतेक आपली नर्सताई असावी. 'झोप' हा शब्द चाळीस चिठ्ठ्यांत फक्त तीनदा आला. आणि 'चांदणं' एकदाच. ही चांदणंवाली कोण ते मला शोधून काढायचंय, पण ते नंतर.

मला विषय दिला होता 'रात्री घराबाहेर पडणाऱ्या बाईची सुरक्षितता'. त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी जरा या शब्दाशीच थांबू या. तुम्ही म्हणाल, शब्दाच्या मागे लागून काय मिळणार? अगं, आपण 'टाकलेली' या शब्दावर भांडलो, 'परित्यक्ता' म्हणायला लागलो, मग तोही बोचायला लागला तेव्हा 'एकल' म्हणालो. शब्द बदलला म्हणून पोटगी मिळत नाही हे खरं. पण 'टाकलेली' म्हणणाऱ्या तलाठ्याकडून रेशनकार्ड वेगळं करून घेणं किती अवघड होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी काही पंडित नाही. कोश उघडून बसायची सवय मात्र आहे.

आपण गावाकडे 'रात' म्हणतो, 'रातच्याला आली' म्हणतो. शाळेत गेलो की मास्तर सांगतात, 'रात' नाही, 'रात्र' म्हण. खरं तर 'रात' हाच शब्द आजीपासून पणजीपर्यंत मागे मागे जात प्राकृतातल्या 'रत्ती'ला जाऊन भिडतो. 'रात्र' हा संस्कृतातून पुन्हा उचलून आणलेला. म्हणजे तुमचं अशुद्ध नाही, ते घरचं आहे.

संस्कृतातल्या 'रात्री'चा अर्थ काय, हा प्रश्न यास्क नावाच्या जुन्या निरुक्तकारालाही पडला होता. त्यानं दोन तर्क केले. एक, रात्र म्हणजे रात्री हिंडणाऱ्या जिवांना रमवणारी आणि बाकीच्यांना थांबवणारी, विसावा देणारी. दुसरा, 'रा' म्हणजे देणे या धातूवरून: रात्र म्हणजे देणारी. काय देते? तर दंव देते.

हा दुसरा अर्थ वाचला तेव्हा मला आमच्या हरभऱ्याच्या वावराची आठवण झाली. रब्बीत पाऊस नसतो, विहिरी आटायला लागलेल्या असतात, आणि हरभरा, ज्वारी थंडीवर आणि दवावर तग धरतात. हरभरा फुलाघाट्यात आला की पातळ पांढरं फडकं रात्री त्याच्यावर पसरायचं, पहाटे ते आंबट पाणी पिळून घ्यायचं. त्याला आंब म्हणतात. बाटलीत भरून ठेवायची, पोट दुखलं की पाण्यात थोडी घालून द्यायची. तुमच्यातल्या किती जणींनी पिळलीय? बघा, निम्म्याहून जास्त हात वर. तर यास्कानं पोथीत लिहिलं ते तुमच्या आयांनी फडक्यात धरलेलं आहे.

आणि गंमत पुढेच आहे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, उर्दू-दखनी आपल्या कानाला नवी नाही. फारसीत रात्रीला 'शब' म्हणतात. शबे-बारात त्यातलीच. आणि 'शबनम' म्हणजे शब अधिक नम, रात्रीचा ओलावा, म्हणजे पुन्हा दंवच! आपण कार्यकर्त्यांनी इतकी वर्षं खांद्याला जी शबनम लटकवली, पत्रकं, पावतीपुस्तक, चटणी-भाकरी आणि एखादीचं तान्ह्या पोराचं दुपटं ज्यात कोंबलं, तिच्या नावात रात्र आहे. अरबीत रात्रीला 'लैल', 'लैला'. प्रेमाच्या कथेतली काळी सावळी लैला म्हणजे रात्रच.

म्हणजे जुन्या माणसांना रात्र म्हटल्यावर पहिली भीतीच आठवत होती असं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात रात्रीवर एक सूक्त आहे. परंपरेनं त्याची ऋषी म्हणून जी दोन नावं सांगितली जातात, त्यांत एक बाईचं आहे, रात्री भारद्वाजी. त्या सूक्तात रात्र ही उषेची बहीण आहे. ती ताऱ्यांच्या उजेडानं अंधाराला हटवते. माणसं, पाखरं आपापल्या ठिकाणी परततात. आणि मग तिला मागणं काय केलंय? लांडग्याला लांब ठेव, चोराला लांब ठेव. वेदांचा दाखला द्यायची मला हौस नाही, त्याच परंपरेनं पुढे आपल्याला काय काय वाचू दिलं नाही ते आपण जाणतो. पण मागणं नीट ऐका. बायांना घरात ठेव, असं ते मागणं नाही. बंदोबस्त लांडग्याचा मागितलाय.

१९७७ साली इंग्लंडमध्ये लीड्स शहरात बायकांचे खून पडत होते. खुनी सापडत नव्हता. पोलिसांनी बायकांना सांगितलं, रात्री बाहेर पडू नका. तेव्हा बायका म्हणाल्या, खून पुरुष करतोय आणि कोंडून आम्ही घ्यायचं? नोव्हेंबरच्या १२ तारखेला त्यांनी रात्रीच मोर्चा काढला. आणि आपल्याकडे कोलकात्याला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, रात्रीच्या ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर मुलीवर तिच्याच रुग्णालयात बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हा १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालभर बाया रस्त्यावर आल्या. त्यांनी त्याला नाव दिलं 'रात दखल'. दखल म्हणजे बंगालीत कब्जा. आपण मराठीत 'दखल घ्या' म्हणतो ती लक्ष देण्याची. त्यांची थेट ताब्याची. मला त्यांचं जास्त आवडलं.

पुन्हा शब्दाकडे येते. संस्कृतात रात्रीला आणखी एक जुना शब्द होता, 'नक्त'. श्रावणात सोमवारी दिवसभर उपाशी राहून रात्री एकदाच जेवतात त्याला 'नक्त' म्हणतात, तो हाच. ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रजी या भाषांतले रात्रीचे शब्द याच 'नक्त'चे भाऊबंद आहेत. आपल्याकडे 'रात्री'नं 'नक्त'ला मागे सारलं, तो फक्त उपासात उरला. आता नर्सताई म्हणतात, 'आज माझी नाईट आहे.' म्हणजे हरवलेला नातलग असा ड्युटीच्या तक्त्यावरून परत आला म्हणायचं! उपास आणि जागरण तेवढं तसंच आहे.

आता आपली नावं बघा. निशा, रजनी, यामिनी, शर्वरी, विभावरी. सगळ्या रात्री. पुरुषांची नावं? दिनकर, दिवाकर, प्रभाकर, भास्कर. दिवस करणारे, उजेड करणारे. आणि रात्रीवरून पुरुषाचं नाव ठेवलंच तर रजनीकांत, निशिकांत. म्हणजे रात्रीचा नवरा! बाईनं रात्र व्हायचं, पुरुषानं एक तर दिवस व्हायचं नाही तर तिचा मालक. हसू नका, मलाही हसू येतं, पण तुमच्या घरातल्या नावांची यादी करून बघा.

यात 'विभावरी' मात्र वेगळी आहे. तिचा मूळ अर्थच चमकणारी. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचं पुस्तक आलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड लिहिलं होतं की पुण्या-मुंबईत वादळ उठलं, लेखिकेचा शोध सुरू झाला. पुस्तकावर नाव होतं विभावरी शिरूरकर. त्या नावामागे बाळूताई खरे होत्या, पुढे मालतीबाई बेडेकर झालेल्या. रात्रीचं नाव पांघरून एक बाई जे बोलली ते दिवसाउजेडी स्वतःच्या नावानं बोलता आलं नसतं. रात्र म्हणजे लपण्याची जागा हाही एक अर्थ आहे, आणि तो नेहमी वाईट नसतो.

'रजनी'वर अजून एक. 'रजनी' आणि 'निशा' ही दोन्ही हळदीचीही नावं आहेत. अमरकोशात हळदीला रात्रीचं नाव धारण करणारी असंच म्हटलंय. रजनी हा शब्द रंगण्याशी, रंगवण्याशी जोडतात. हळद रंगवते, रात्र आभाळ रंगवते. तर संक्रांतीला आपण जी करंडीतून बोटानं लावतो ती रात्र आहे. आणि ज्या बाईचा नवरा मेला तिला ती लावायची नाही, तिला बोलवायचंच नाही, हे कोणत्या कोशात लिहिलंय? आपल्या काही गावांत आता विधवांनाही हळदीकुंकवाला बोलावतात. ज्या गावांत सुरू झालं तिथल्या मैत्रिणींनी उद्याच्या सत्रात सांगावं की पहिल्या वर्षी किती जणी उठून गेल्या.

व्याकरणाचा एक किस्सा सांगते आणि व्याकरण सोडते. रात्र स्त्रीलिंगी. संस्कृतात दिवसाला 'अहन्' म्हणतात, तो नपुंसकलिंगी. पण दोघांना जोडून 'अहोरात्र' केलं की तो शब्द पुल्लिंगी होतो. पाणिनीनं तसा नियमच करून ठेवलाय. म्हणजे कष्ट अहोरात्र करायचे आणि लिंग पुल्लिंग! आणि मागे आकडा लागला तर नपुंसक: ते नवरात्र. नऊ रात्री एकत्र आल्या की एकही बाई उरत नाही.

नवरात्रावरून आठवलं. तुळजापूरच्या भवानीला वर्षातून तीनदा पलंगावर निजवतात. नवरात्राआधी घोरनिद्रा, पौषात मोहनिद्रा, आणि दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. महिषासुराशी लढून देवी दमली म्हणून तिला पाच दिवस झोप. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पण त्याच नवरात्रात घरोघरी ज्या बाईनं नऊ दिवस अनवाणी राहून, निरंकार उपास करून, घटाचा दिवा रात्री उठून उठून सांभाळला, तिची श्रमनिद्रा कोणत्या पंचांगात आहे? तिला दसऱ्याला पुरणपोळ्या लाटायच्या असतात.

आता आपल्या गावाकडच्या रात्रीकडे येऊ. घड्याळ घरात येण्याआधी बायकांकडे रात्रीचं पूर्ण घड्याळ होतं. दिवेलागण, तिन्हीसांजा, जेवणवेळ, निजानीज, मध्यानरात, पहिला कोंबडा, शुक्राची चांदणी उगवणं, झुंजूमुंजू, तांबडं फुटणं. मला नेहमी वाटतं की यातल्या शेवटच्या चार-पाच शब्दांवर जास्त हक्क बायकांचा आहे, कारण त्या वेळेला जागं कोण असायचं? चांदणी उगवली की जातं सुरू व्हायचं. पायलीभर दळण संपेपर्यंत उजाडायचं. त्या दोन-तीन तासांत बाई बोलायची. भावाबद्दल, बापाबद्दल, सासूबद्दल, विठ्ठलाबद्दल, सीतेबद्दल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! सगळ्या अंधारात रचलेल्या. मग विजेची चक्की आली. चक्की आली ते बरंच झालं, खांदे आणि छाती भरून यायची त्यातून सुटका झाली. ज्यांनी दळलंय त्यांना विचारा, कुणी परत जातं मागणार नाही. पण ती पहाटेची बोलण्याची जागाही गेली. त्या जागी दुसरी काही आली का? मला वाटतं हे शिबिर त्यातलीच एक आहे. जातं नसलेली.

आता ज्या शब्दासाठी मी हे सगळं सुरू केलं तो शब्द. 'अपरात्र'.

'अप' म्हटलं की आपल्याला अपमान, अपशब्द, अपशकुन आठवतात. म्हणून अपरात्र म्हणजे वाईट रात्र, नको ती रात्र, असंच कानाला लागतं. पण मूळ शब्द 'अपर-रात्र' असा आहे. पूर्वरात्र म्हणजे रात्रीचा आधीचा भाग, अपररात्र म्हणजे नंतरचा भाग. बस्स, एवढंच. दोन 'र' जवळ आले, एक गळाला, आणि साध्या वेळेच्या शब्दाला दूषण चिकटलं. रात्रीचा उत्तरार्ध, ज्या वेळी आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसत, तीच वेळ बाईनं बाहेर न दिसण्याची वेळ झाली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गाव आणि ठाणं सांगत नाही. रात्री दीड-दोनच्या सुमाराला माझ्या दारावर थाप पडली. वस्तीवरची एक बाई, कडेला पोरगी, कपाळ फुटलेलं. नवऱ्यानं लोखंडी पाइपनं मारलं होतं. आम्ही तिघी पायी ठाण्यात गेलो. तिथं पहिला प्रश्न, 'एवढ्या अपरात्री कशाला आलात? सकाळी या.' मी म्हटलं, जखम आत्ताची आहे. मग दुसरा प्रश्न थेट तिला, 'अपरात्री तू घराबाहेर पडलीसच कशी?' मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, 'साहेब, मी रोज तीनला उठून पाण्याला जाते. तवा कुणी इचारलं नाही.'

मी इतकी वर्षं भाषणं करते, पण असं वाक्य मला सुचलेलं नाही. अपरात्र कामाला चालते, तक्रारीला चालत नाही. हंडा डोक्यावर असेल तर बाई सोज्वळ, हात मोकळे असतील तर संशयित.

ठाण्यातल्या रात्रीचं भय मात्र खोटं नव्हे. आपली चळवळ ज्या प्रकरणातून उभी राहिली ते रात्रीचंच आहे. मार्च १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. जबाब देऊन बाकी माणसं बाहेर पडली आणि सोळा वर्षांच्या आसपासच्या आदिवासी मुलीला थांबवून घेतलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून. १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, १९८० मध्ये देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं.

म्हणून पाठ करून ठेवा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. हे २००५ च्या दुरुस्तीनं फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्यात कलम ४३ मध्ये कायम आहे. दुसरं, साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, ना रात्री ना दिवसा. पोलिसांनी ती राहते तिथं यायचं. तो आता कलम १७९. आणि तिसरं, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घ्यायला ठाण्याला रात्र-दिवस नसतो. 'सकाळी या' हे वाक्य कायद्यात कुठेही नाही.

कायद्याची रात्र आणखी एका ठिकाणी भेटते. कारखान्यात. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद झाली, तिनं ठरवलं की बायकांना रात्री कारखान्यात कामाला लावू नये. आपल्या देशानं १९२१ मध्ये ते मान्य केलं. १९४८ च्या कारखाना कायद्यात आलं की बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात काम. सरकारनं सूट दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच अजिबात नाही. हेतू चांगला होता असं धरू. पण मुंबईच्या कापड गिरण्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साधारण पाच कामगारांत एक बाई होती, वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पुढे ते प्रमाण घटत घटत नाममात्र उरलं. रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाचा खर्च, नवी यंत्रं, अशी कारणं त्यात गुंतलेली आहेत. मालकाला सोपं होतं: जी तिन्ही पाळ्यांना चालत नाही ती नकोच. २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली, महाराष्ट्रानं २०१५ मध्ये कायदा बदलून अटींसह परवानगी दिली, आणि २०२० च्या केंद्राच्या संहितेत बाईच्या संमतीनं, सुरक्षेची सोय करून, रात्रपाळी मान्य केली. संमती या शब्दावर मी इथं काही बोलत नाही. ज्या बाईला पाळी नाकारली तर उद्या कामावरून काढतील, तिची संमती काय ते तुम्ही जाणता.

पण मला सांगा, ही सगळी ऐंशी-नव्वद वर्षं, बायकांनी रात्री काम करावं की नाही यावर मोठमोठ्या परिषदा भरत असताना, आपल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातली बाई काय करत होती? दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात, तिचं नावसुद्धा वेगळं नाही. पहाटे तीन-चारला उठून कोपीवरचा स्वयंपाक, उजाडायच्या आत फडात, आणि गाडी रात्री बाराला आली तर बाराला मोळ्या भरायच्या. डोक्यावर मोळी, फळीवरून वर चढायचं, उजेड ट्रॅक्टरचा. तिच्यासाठी दहा ते पाचचा कायदा कुणी केला नाही. कायद्यानं रात्र पाहिली ती भिंतींच्या आतली.

आणि इथं गावात? शेतीपंपाची थ्री-फेज लाइट कित्येक वर्षं आठवड्याच्या पाळीनं आली, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. दारं धरायला जायचं ते रात्री एकला, गुडघाभर चिखलात, हातात बॅटरी, पायाखाली विंचूकाटा. आता सौर प्रकल्पांमुळे काही गावांत दिवसा लाइट मिळायला लागलीय. घरचा गडी बाहेरगावी असला, दारूच्या नशेत असला, किंवा कर्जापायी त्यानं जीव दिलेला असला, तर दारं कोण धरतं? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी, २०१३ च्या दुष्काळात टँकरची वाट बघत रात्रभर हंडा नंबराला लावून बसणारी, तीच. ज्या चिठ्ठीत 'टँकर' लिहिलंय ती कुणाची हे मला विचारावं लागलं नाही.

अजून एक रात्र आहे, जिच्याबद्दल आपण सभेत बोलत नाही. संडासची. संडास नाही म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं आणि अंधार पडायची वाट बघायची. रस्त्याकडेला बसलेलं असताना गाडीचा उजेड आला की उठून उभं राहायचं, गाडी गेली की पुन्हा बसायचं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० पासून, स्वच्छ भारत २०१४ पासून. खोल्या बऱ्याच झाल्या. पाणी नाही म्हणून त्यात कुठे गोवऱ्या आहेत, कुठे सरपण. आणि गरोदर बाई म्हणते, 'मला रातच्याला दिसत नाही.' सासू म्हणते, पोटुशीला होतंच तसं. ते तसं होत नसतं. रातांधळेपणा हा 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग आहे. आशाताईंना माझं सांगणं, असं कुणी म्हटलं तर हसण्यावारी नेऊ नका, तिला आरोग्य केंद्रात दाखवा. शेवग्याचा पाला दारात असतो, तो तिच्या ताटात यायला हवा.

एक गोष्ट राहिली. गावचे निर्णय कधी होतात? पंचायतीत बायकांच्या जागा आधी एक तृतीयांश होत्या, २०११ पासून निम्म्या झाल्या. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असाही नियम आहे. पण ठराव ठरतो तो आदल्या रात्री, पारावर किंवा ढाब्यावर, निजानीज झाल्यावर. सकाळी सरपंचबाईंपुढे सहीला कागद येतो. त्या रात्रीच्या बैठकीत सरपंचबाई जाऊन बसल्या तर गाव काय म्हणेल? 'अपरात्री पुरुषांत जाऊन बसली.' बघा, तोच शब्द.

आता कामाचं. उद्या घरी गेल्यावर चार गोष्टी वहीत लिहून आणायच्यात, पुढच्या बैठकीला. गावात शेवटची एसटी किती वाजता येते आणि स्टँडवर दिवा आहे का. खांबावरचे दिवे कोणत्या वस्तीत लागतात आणि कोणत्या नाही. यात जात दिसेल, ती लपवू नका. आरोग्य केंद्रात रात्री कोण मुक्कामी असतं. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून रात्रीच्या वेळांचे तिला येणारे सगळे शब्द.

बराच वेळ बोलले. स्वयंपाकघरातून दोनदा निरोप आलाय, भाकरी गार होताहेत. ज्यांची पोरं पाळण्यात आहेत त्यांनी आधी जेवून घ्या, तोवर बाकीच्यांनी झोळ्या हलवा. मग मागच्या पटांगणात सतरंज्या टाकू, लाइट घालवू आणि ज्यांना जुन्या ओव्या येतात त्यांच्याकडून ऐकू. आणि ती चांदणंवाली कोण आहे, तिनं तेवढा हात वर करा.